मेरीच्या काठावरचे क्रेगीबर्न

मेलबर्नच्या फ्लिंडर्स स्ट्रीट स्थानकातून उत्तरेकडे सुटलेली लोकल सुमारे पंचवीस किलोमीटरवर क्रेगीबर्नला येऊन थांबते. रूळ पुढे सिडनीपर्यंत गेलेले आहेत, पण उपनगरी गाडीची हद्द इथे संपते. २०२१ च्या जनगणनेत या उपनगरात ६५ हजारांहून अधिक माणसे राहत होती. त्याआधी दहा वर्षे हा आकडा ३३ हजारांच्या आत होता. एकसारख्या छपरांची घरे, आखीव रस्ते, नव्या शाळा, मोठा मॉल आणि कितीतरी दारांबाहेर ओळीने काढून ठेवलेल्या चपला. पाहणाऱ्याला वाटते, हे गाव काल-परवा वसले. तिथे घर घेणाऱ्या आपल्या मराठी मंडळींनाही ‘नवीन एरिया’ एवढीच त्याची ओळख असते.

मला ही ओळख पटत नाही. क्रेगीबर्न ज्या वाटेवर उभे आहे, ती वाट ऑस्ट्रेलियाच्या वसाहतीच्या इतिहासातल्या सर्वांत महत्त्वाच्या वाटांपैकी एक आहे. मेंढ्या, टपाल, सोन्याचे वेडे, आगगाडी आणि मोटारी, सारे या वाटेने गेले. आणि दर वेळी नव्याने येणाऱ्याने इथली जमीन रिकामी आहे असे समजूनच पाऊल टाकले. या गावाचा खरा इतिहास म्हणजे त्या समजुतीचा इतिहास आहे.

गावाला नावाजलेली मोठी नदी नाही. पूर्वेच्या कडेने मेरी क्रीक वाहते आणि गावातून येणारे माल्कम व एटकेन हे दोन ओढे तिला मिळतात. मेरी उत्तरेला वॉलनजवळ उगम पावते आणि मेलबर्नच्या उंबरठ्यावर, डाइट्स धबधब्यापाशी, यारा नदीत शिरते. सुमारे सत्तर किलोमीटर लांबीच्या या प्रवाहाला आपल्याकडे नदीचा मान मिळाला असता, म्हणून मीही तिला नदीच म्हणणार आहे. उन्हाळ्यात तिचे पाणी डोहांपुरते उरते आणि मोठा पाऊस झाला की ती काठ सोडते.

तिचे खोरे लाव्हाने घडवले. सुमारे आठ लाख वर्षांपूर्वी हेज हिल या ज्वालामुखीतून निघालेला लाव्हा जुन्या दरीतून वाहत थेट याराच्या पात्रापर्यंत गेला. सह्याद्रीचा काळा कातळ साडेसहा कोटी वर्षांचा. त्याच्यापुढे हा अगदी तरुण, पण जात तीच, बेसाल्टची. त्याची माती काळी आणि चिकट. पावसात फुगते, उन्हात भेगाळते. मराठवाड्यातला शेतकरी ती मुठीत घेताच ओळखेल. क्रेगीबर्नमध्ये आजही घराचा पाया घालताना अभियंत्याला आधी या फुगणाऱ्या मातीचा हिशेब करावा लागतो. झाडे तिच्यात फारशी वाढत नाहीत, गवत मात्र अपार वाढते. मैलोन्‌मैल पसरलेले, झाडे न तोडता आयते मिळणारे हे कुरण पुढच्या साऱ्या घटनांच्या मुळाशी आहे.

हे गवताळ पठार वुरुंजेरी वोइवुरुंग या मूळनिवासी लोकांचा मुलूख. ठरावीक काळाने ते गवत पेटवून देत, त्यातून कोवळा पाला फुटे, कांगारू चरायला येत. गवतात मर्नाँग नावाची पिवळ्या फुलांची वनस्पती असे. तिचे कंद बायका टोकदार काठीने उकरून काढत आणि भाजून खात. ते त्यांचे रोजचे अन्न होते. उकरण्याने माती भुसभुशीत राही आणि पुढच्या वर्षी कंद अधिक येत. शेत म्हणजे कुंपण आणि नांगर असे मानणाऱ्याला यात शेती दिसणे शक्य नव्हते, आणि न दिसल्याचे परिणाम भयंकर झाले.

वायव्येला लान्सफिल्डजवळच्या माउंट विल्यम या टेकडीवर हिरव्या दगडाची खाण होती. तिथल्या कुऱ्हाडींची पाती शेकडो किलोमीटर दूरच्या जमातींपर्यंत देवघेवीत जात. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्या खाणीची राखण बिलिबेलरी नावाच्या वुरुंजेरी प्रमुखाकडे होती. कोणाला दगड द्यायचा आणि कशाच्या बदल्यात, हे तो ठरवी. म्हणजे मालकी, व्यापार, परवानगी आणि मोबदला या सगळ्याची व्यवस्था इथे होती. २०१२ साली ती टेकडी वुरुंजेरींच्या ताब्यात परत देण्यात आली.

पहिले गोरे प्रवासी आले १८२४ च्या डिसेंबरात. हॅमिल्टन ह्यूम ऑस्ट्रेलियातच जन्मलेला, रानावनात वाढलेला. विल्यम हॉव्हेल इंग्लंडहून आलेला जहाजाचा कप्तान. दोघांचे एकमेकांशी फारसे पटत नव्हते. सिडनीच्या बाजूने निघून, नद्या आणि डोंगर ओलांडत ते दक्षिणेचा समुद्र शोधत होते. एका डोंगरावर समुद्र दिसेल या आशेने चढले आणि दाट झाडीखेरीज काहीच न दिसल्याने परतले. त्या डोंगराचे नाव त्यांनी ‘माउंट डिसअपॉइंटमेंट’ ठेवले, ते आजही तसेच आहे. मग पश्चिमेला वळून ते या पठाराच्या बाजूने खाली उतरले आणि १६ डिसेंबरला कोरायो उपसागराशी पोचले. आपण कुठे आलो आहोत याचा त्यांचा अंदाज मात्र चुकला. हे वेस्टर्न पोर्ट आहे असे त्यांनी सांगितले, आणि त्यावर विसंबून सरकारने १८२६ मध्ये वेस्टर्न पोर्टला माणसे पाठवली. तिथे वर्णन केलेली सुपीक कुरणे सापडेनात, दोनेक वर्षांत वसाहत उठली. एका चुकीच्या रेखांशामुळे या पठाराला आणखी काही वर्षांची उसंत मिळाली. आज क्रेगीबर्न ज्या महापालिकेत आहे तिचे नाव ‘ह्यूम’ आणि गावाच्या पूर्वेकडून धावणाऱ्या महामार्गाचे नावही ‘ह्यूम’.

उसंत संपली १८३५ मध्ये. टास्मानियाहून, तेव्हाच्या व्हॅन डीमेन्स लँडहून, जॉन बॅटमन नावाचा जमीनदार पोर्ट फिलिप उपसागरात उतरला. टास्मानियातल्या मूळ रहिवाशांच्या शिकारीत भाग घेतलेला हा माणूस. त्याच्या पाठीशी सावकार, वकील आणि जमीनदारांची एक मंडळी होती, आणि खिशात आधीच लिहून आणलेला करारनामा. ६ जून १८३५ रोजी एका ओढ्याच्या काठी त्याने आठ वुरुंजेरी पुरुषांकडून त्यावर खुणा करवून घेतल्या. तो ओढा कोणता यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. बहुतेकांचा कौल मेरीला आहे.

त्या कागदाने पाच लाख एकर जमीन बॅटमनच्या नावे केली. मोबदला काय, तर घोंगड्यांच्या २० जोड्या, ३० कुऱ्हाडी, १०० सुऱ्या, ५० कात्र्या, ३० आरसे, २०० रुमाल, १०० पौंड पीठ आणि ६ सदरे. शिवाय दर वर्षी अशाच वस्तूंचा आणखी काही पुरवठा. ही यादी वाचताना आजही संताप येतो. ज्यांच्या कुऱ्हाडींचा व्यापार शेकडो किलोमीटर चाले, त्यांना ३० कुऱ्हाडी देऊन हा सौदा पुरा झाला.

मराठी वाचकाला इथे वसईचा तह आठवल्यावाचून राहणार नाही. ३१ डिसेंबर १८०२ ला दुसऱ्या बाजीरावाने त्यावर सही केली तेव्हा आपण काय गमावतो आहोत याची त्याला निदान कल्पना होती. त्याच्यापाशी कारभारी होते, दुभाषे होते, मजकूर वाचून दाखवणारे होते. मेरीच्या काठी यातले काहीच नव्हते. बॅटमनसोबत सिडनीकडचे काही मूळनिवासी होते, पण त्यांना वुरुंजेरींची भाषा येत नव्हती. जमीन कायमची विकता येते ही कल्पनाच ज्या समाजात नाही, त्याला खरेदीखत कोणत्या शब्दांत समजावणार? वुरुंजेरींची बाजू अशी सांगितली जाते की त्यांनी पाहुण्याला आपल्या मुलखातून सुखरूप जाण्याची, इथले पाणी पिण्याची मुभा दिली. या विधीला ते तांडेरम म्हणत. एका बाजूने पाहुणचार केला, दुसऱ्या बाजूने त्याची मालमत्तेत नोंद केली.

गंमत म्हणून नव्हे, दुःखाने सांगायला हवे की हा करार रद्द झाला तोही मूळ मालकांच्या बाजूने नव्हे. २६ ऑगस्ट १८३५ ला न्यू साउथ वेल्सचा गव्हर्नर रिचर्ड बोर्क याने जाहीरनामा काढला: ही जमीन ब्रिटिश राजाची आहे, म्हणून ती विकण्याचा अधिकार इथल्या रहिवाशांना नाही आणि बॅटमनला ती विकत घेण्याचाही नाही. वाईट का होईना, पण एक करार झाला होता. त्यात समोर कोणीतरी माणूस आहे एवढे तरी मान्य केले होते. जाहीरनाम्याने तेही पुसले. मला या साऱ्या इतिहासातला सर्वांत कठोर कागद तो जाहीरनामा वाटतो.

कागद रद्द झाला तरी मेंढ्या थांबल्या नाहीत. २५ मे १८३६ ला पोर्ट फिलिपमध्ये शिरगणती झाली तेव्हा १७७ गोरी माणसे आणि २६,५०० मेंढ्या होत्या. त्याच वर्षी सिडनीकडून जोसेफ हॉडन आणि जॉन गार्डिनर यांनी पहिले गुरांचे कळप जमिनीच्या वाटेने खाली आणले. १ जानेवारी १८३८ पासून हॉडनने मेलबर्न ते यास असे टपाल सुरू केले. घोड्यावरून जाणारा तो टपालवाला आणि त्याच्या मागोमाग निघालेल्या बैलगाड्या यांच्या चाकोरीतून सिडनी रस्ता तयार झाला. मेंढ्यांनी आधी मर्नाँग खाल्ले. टोकदार खुरांनी माती दाबून टाकली, कंद मुळासकट गेले. काही वर्षांतच बायकांना काठ्या घेऊन निघायला कारण उरले नाही. बंदुकीने आणि साथींनी किती माणसे मेली हे इतिहासकार मोजतात, पण एका समाजाचे ताट मेंढ्यांच्या कळपांनी रिकामे केले हेही तितकेच मोजले पाहिजे.

बिलिबेलरीने जुळवून घेण्याचा प्रयत्न केला. १८४२ मध्ये तो नेटिव्ह पोलीस दलात दाखल झाला. आपल्या माणसांवरच हे दल सोडले जाते हे कळल्यावर बाहेर पडला. मेरी आणि यारा जिथे मिळतात तिथे १८४५ च्या सुमारास वुरुंजेरी मुलांसाठी शाळा निघाली, तिला त्याने पाठिंबा दिला, स्वतःची मुले पाठवली. १० ऑगस्ट १८४६ ला तो वारला आणि त्यानंतर शाळेतली मुले हळूहळू निघून गेली. त्याचा मुलगा सायमन वोंगा आणि बॅटमनच्या करारावेळी लहान मुलगा म्हणून हजर असलेला विल्यम बराक, या दोघांनी पुढे १८६३ मध्ये हील्सव्हिलजवळ कोरेन्डर्कची वस्ती उभी केली. तिथे त्यांनी शेती केली, आणि सरकार ती वस्ती मोडू पाहत होते तेव्हा अर्जविनंत्या केल्या, चालत जाऊन विधिमंडळाचे दार ठोठावले. मेरीच्या काठावरून उठलेली माणसे संपली नव्हती. ती दुसऱ्या जागी, सनदशीर मार्गाने झगडत होती.

इकडे नदीकाठी दगडाला भाव आला. १ जुलै १८५१ ला व्हिक्टोरिया स्वतंत्र वसाहत झाली आणि त्याच वर्षी सोने सापडले. दहा वर्षांत वसाहतीची लोकसंख्या ७७ हजारांवरून सुमारे ५ लाख ४० हजारांवर गेली. १८५२ पासून ईशान्येच्या बीचवर्थच्या खाणींकडे जाणारी गर्दी सिडनी रस्त्यानेच निघे. दिवसभराच्या चालीच्या अंतरावर सरायी उभ्या राहिल्या. क्रेगीबर्न हे नाव अशाच एका ब्लूस्टोनच्या सरायीवरून गावाला मिळाले असे सांगतात. नाव स्कॉटलंडहून आलेले, दगड मात्र इथला. ब्लूस्टोन म्हणजे बेसाल्टच. मेलबर्नच्या गल्ल्या, चर्चे, गोदामे आणि तुरुंग त्याच दगडाचे. मेरीच्या खालच्या अंगाला, आजच्या कोबर्गमध्ये, डिसेंबर १८५० मध्ये सोळा कैद्यांना आणून पेंट्रिजचा कोंडवाडा सुरू झाला. त्यांचे काम दगड फोडून हाच रस्ता बांधणे. नंतर तिथे प्रचंड तुरुंग झाला आणि त्या नावाची लाज वाटून १८७० मध्ये रहिवाशांनी गावाचे नाव कोबर्ग करून घेतले.

मेरीच्या वरच्या अंगाला, क्रेगीबर्नच्या उत्तरेकडच्या बेव्हरिजमध्ये, जॉन केली या आयरिश माणसाने १८५९ मध्ये बांधलेले घर अजून उभे आहे. जॉन शिक्षा भोगून सुटलेला. त्याचा मुलगा नेड १८५४ च्या सुमारास याच भागात जन्मला. पुढे त्याने दरोडे घातले, पोलीस मारले, लोखंडी चिलखत घालून लढला आणि १८८० मध्ये फाशी गेला. ऑस्ट्रेलियात नेड केलीवर जेवढे लिहिले गेले तेवढे क्वचितच कोणावर लिहिले असेल. त्याच्या बंडामागे जी गरिबी आणि जमिनीवरून जो आकस होता, त्याचा आरंभ या खडकाळ पठारावरच्या छोट्या आयरिश शेतांवर झाला. मेंढरांचे मोठे मालक, गवत आणि ओट पिकवून घोड्यांना पुरवणारे छोटे शेतकरी, वेचलेले दगड रचून चुन्याशिवाय उभारलेले गडगे, अशी इथली वस्ती होती. त्यातले काही गडगे अजून टिकून आहेत. नव्या वसाहतींच्या कुंपणाला लागूनही ते दिसतात. दक्षिणेला आजच्या थॉमसटाउनजवळ १८५० मध्ये जर्मन ल्युथेरन कुटुंबांनी वेस्टगार्थटाउन वसवले. त्यांची ब्लूस्टोनची घरे आणि १८५६ चे चर्चही शाबूत आहे.

आपल्याशी जोडणारा एक धागा १८६० चा आहे. २० ऑगस्टला मेलबर्नच्या रॉयल पार्कातून बर्क आणि विल्स यांची मोहीम निघाली. ऑस्ट्रेलिया दक्षिणोत्तर ओलांडायचा तिचा बेत. सोबत हिंदुस्थानातून मुद्दाम आणलेले दोन डझन उंट आणि त्यांना हाकणारी माणसे. मोहिमेचा सुरुवातीचा एक तळ आजच्या मेलबर्न विमानतळाच्या परिसरात, म्हणजे क्रेगीबर्नपासून थोड्याच अंतरावर पडला. त्या उंटवाल्यांत सामला नावाचा एक हिंदू होता. तिथले मांसाचे जेवण धर्मामुळे त्याला चालेना, तो अर्धपोटी चालत राहिला आणि पहिल्याच टप्प्यात रजा घेऊन परतला. मोहिमेच्या स्मारकांवर बर्क आणि विल्स आहेत. माझ्या मनात मात्र या उपाशी माणसाची चाल राहिली. त्याच्यामागून पुढच्या दशकांत पंजाबी फेरीवाले पाठीवर गाठोडे घेऊन व्हिक्टोरियाच्या खेड्यापाड्यांतून कापड विकत हिंडले. १९०१ च्या कायद्याने ही वाट बंद केली. अधिकाऱ्याला हवी ती युरोपीय भाषा लिहून दाखवा, नाहीतर परत जा, अशी त्या कायद्यातली परीक्षा होती. गोऱ्यांपुरते ऑस्ट्रेलिया हे धोरण पुरते संपायला १९७३ उजाडले.

रेल्वे आली १८७२ मध्ये. बोरीबंदर ते ठाणे गाडी १६ एप्रिल १८५३ ला धावली. ऑस्ट्रेलियातली पहिली वाफेची गाडी त्यानंतर दीड वर्षाच्या आत, सप्टेंबर १८५४ मध्ये, मेलबर्नच्या बंदराकडे धावली. मात्र उत्तरेकडचे रूळ टाकायला आणखी वेळ लागला. १८७२ मध्ये क्रेगीबर्नचे स्थानक उघडले आणि १८७३ च्या नोव्हेंबरात गाडी मरे नदीकाठच्या वोडोंगाला पोचली. ठाणे आणि कल्याण रेल्वेने वाढवले. क्रेगीबर्नच्या बाबतीत रेल्वेने उलट केले. दिवसभर चालून थकलेला प्रवासी आता सरायीत उतरेनासा झाला, गाडीने तासाभरात पुढे जाऊ लागला. रस्त्यावरची गावे ओसरली. जवळजवळ शंभर वर्षे क्रेगीबर्न म्हणजे एक स्थानक, थोडी घरे आणि भोवती कुरणे. १९२१ मध्ये विजेची गाडी ब्रॉडमेडोजपर्यंत आली आणि तिथेच थांबली. पुढची शहाऐंशी वर्षे ती क्रेगीबर्नपर्यंत सरकली नाही.

शहर दक्षिणेकडून सरकत आले. १९५९ मध्ये फोर्ड कंपनीचा मोटारींचा कारखाना ब्रॉडमेडोजला सुरू झाला. त्याच्या जोडणीच्या पट्ट्यावर इटालियन, ग्रीक आणि युगोस्लाव्ह कामगार उभे राहिले. ऑक्टोबर १९६७ च्या करारानंतर तुर्की कुटुंबे आली. १९७३ मध्ये इथे झालेला संप ऑस्ट्रेलियाच्या कामगार चळवळीत अजून आठवला जातो. त्यात पुढे होते ते हे परदेशातून आलेले कामगार, पट्ट्याच्या वेगाविरुद्ध आणि अपमानाविरुद्ध. ७ ऑक्टोबर २०१६ ला कारखाना बंद झाला. तोवर कामगारांची पुढची पिढी उत्तरेला, रॉक्सबर्ग पार्क आणि क्रेगीबर्नमध्ये, स्वतःच्या घरांत गेली होती. इराकमधून परागंदा झालेली असीरियन आणि खाल्डियन कुटुंबेही याच पट्ट्यात स्थिरावली.

हे आपोआप झाले नाही. १९७१ च्या मेलबर्नच्या नियोजनात शहराने हाताच्या बोटांसारखे पट्ट्यांतून वाढावे आणि मधे हिरव्या पाचरी राहाव्यात असे ठरले. मेरीचे खोरे त्यातला एक पट्टा होते. २००२ मध्ये शहराला वाढीची सीमारेषा आखून दिली गेली आणि पुढे ती पुन्हा पुन्हा बाहेर सरकवली गेली. २००५ च्या अखेरीस गावाबाहेरून जाणारा नवा महामार्ग खुला झाला. ३० सप्टेंबर २००७ ला विजेची लोकल अखेर क्रेगीबर्नला आली. २०१२ मध्ये क्रेगीबर्न सेंट्रल हा मॉल उघडला आणि त्याच वर्षी दाबलेल्या मातीच्या जाड भिंतींचे सुंदर ग्रंथालयही. मला विचाराल तर या नव्या गावातली सर्वांत चांगली इमारत ती. जुन्या गावाने दगडातून आपले रूप घेतले होते, या इमारतीने मातीतून घेतले.

या वाढीची किंमत गवताने आणि नदीने मोजली. व्हिक्टोरियाच्या ज्वालामुखी पठारावरचे मूळ गवताळ रान आता अगदी थोड्या टक्क्यांवर आले आहे. नव्या महामार्गाचा मार्ग त्या उरलेल्या रानाला लागूनच जाणार होता, म्हणून आसपासच्या रहिवाशांनी आणि अभ्यासकांनी वर्षानुवर्षे विरोध केला. आज त्याचा काही भाग गाल्गी न्गार्क या नावाने राखीव आहे. तिथे कांगारू गवत आहे, सोनेरी सूर्यपतंग आहे. या पतंगाच्या प्रौढ रूपाला खाता येईल असे तोंड नसते, ते काही खात नाही आणि जेमतेम काही दिवस जगते. मेरीच्या डोहांत गुरगुरणारा गवती बेडूक आहे. दोन्ही जाती संकटग्रस्त. २०१० च्या सुमारास सरकारने शहराच्या वाढीला परवानगी देताना मेलबर्नच्या पश्चिमेला पंधरा हजार हेक्टर गवताळ राने राखण्याचे वचन दिले. दहा वर्षांनंतर राज्याच्या महालेखापरीक्षकांनी पाहिले तेव्हा त्यातला अगदी छोटा हिस्साच ताब्यात आला होता. इथली घरे बांधून पूर्ण झाली, राने मात्र कागदावर राहिली. हा हिशेब चुकीचा आहे, आणि तो चुकीचा आहे हे घरात राहणाऱ्यांनीच म्हटले पाहिजे.

नदीचे दुखणे वेगळे. पूर्वी पाऊस काळ्या मातीत जिरत असे. आता तो छपरांवरून आणि डांबरावरून गटारांत, गटारांतून माल्कम आणि एटकेनमध्ये, आणि तासाभरात मेरीत पोचतो. सोबत टायरची धूळ, तेल आणि प्लॅस्टिक. खालच्या अंगाला शंभर वर्षे याहून वाईट होते. दगडाच्या खाणी संपल्या की त्यांत शहराचा कचरा भरत, आणि नदी म्हणजे मागच्या दाराचा नाला झाली होती. ती सावरली रहिवाशांनी. १९८२ मध्ये पूर्व ब्रन्सविकमधल्या अशाच एका खाण-कचराडेपोच्या जागेवर सेरेस हे पर्यावरण केंद्र उभे राहिले. आज तिथे मळे आहेत, झाडी आहे, शाळेची मुले येतात. १९८९ मध्ये काठावरच्या नगरपालिका आणि नागरिक यांनी मिळून मेरी क्रीक व्यवस्थापन समिती केली.

क्रेगीबर्नच्या स्वभावाबद्दल बाहेर फार उथळ बोलले जाते. २०२० च्या जुलैमध्ये करोनामुळे मेलबर्नच्या दहा पिनकोडांना उरलेल्या शहराआधी कुलूप लागले, त्यात क्रेगीबर्नचा ३०६४ होता. पुढच्या वर्षीही इथे रुग्ण सर्वाधिक होते. लोकांनी बोट दाखवले. पण गोदामात माल भरणारे, वृद्धाश्रमात सेवा करणारे, टॅक्सी आणि ट्रक चालवणारे, विमानतळावर राबणारे, घरात बसून ज्यांचे काम होत नाही असे हजारो लोक इथे राहतात. शहर चालू राहिले ते त्यांच्या जिवावर. गुरुद्वारा या भागात फार आधीपासून आहे, पंजाबी इथे घरोघर बोलली जाते. मराठी कुटुंबेही आली. घराचे हप्ते, रात्रपाळी, शनिवारची मुलांची शिकवणी आणि गणपतीतली आरती या चौकटीत त्यांचे आयुष्य चालले आहे. सामलाला दीडशे वर्षांपूर्वी जी वाट सोडावी लागली, तिच्या काठावर ही माणसे आता हक्काने राहतात.

दरम्यान नावांचा आणि करारांचाही हिशेब नव्याने मांडला जातो आहे. मेरीकाठच्या बॅटमन या लोकसभा मतदारसंघाचे नाव बदलून मूळनिवासी नेते विल्यम कूपर यांच्यावरून कूपर झाले. मोरलँड नगरपालिका २०२२ मध्ये मेरी-बेक झाली, कारण जुने नाव जमैकातल्या गुलामांच्या मळ्याशी जोडलेले होते. २०१८ मध्ये व्हिक्टोरियाच्या विधिमंडळाने मूळनिवासींशी करार करण्याची वाट मोकळी करणारा कायदा केला आणि २०२५ च्या ऑक्टोबरात करार मान्य करणारा कायदा मंजूर झाला. या वेळी दोन्ही बाजूंना मजकूर वाचता येत होता.

क्रेगीबर्नमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांना एक विनंती आहे. मुलांना मॉलमध्ये नेता तसे एकदा गाल्गी न्गार्कच्या कडेला न्या, गडगे दाखवा, बिलिबेलरीचे नाव सांगा. थंडीत मेरीच्या काठी स्वयंसेवक रोपे लावतात. फावडे आणि रोपे तेच देतात. एखाद्या रविवारी तासभर काढून जा.